पाच नंबरच्या खाटेची घंटी

अकोला, जुनं शहर
ता. ८ जानेवारी १९६३

पुंजाराम,

जित्ता हाय हे तुया कार्डावरून समजलं. बरं झालं. आता ऐक.

कार्ड दोन ओळीचं. "बाई, अचलपुरात कापसाच्या जिनात मोटारी दुरुस्त कराचं काम भेटलं. काळजी करू नये." काळजी कोन करून राहिलं? दवाखान्यात आठ खाटा हायेत अन् आठही भरल्या हायेत. मले तुया काळजीले फुरसत नाई. सांगून गेला असता तं तोंड झिजलं असतं का? डॉक्टरीणबाईचा नवरा दोन शब्द काय बोलला, अन् तू हत्यारं पडवीत टाकून येष्टीत जाऊन बसला. एवढा नाजूक होता तं वायरमन काहून झाला? फुलाचे गजरे ववाचे.

जो येते तो मलेच इचारते. "पार्वताबाई, तुमच्या भावानं दवाखान्याच्या भिंतीवर ते लावलं काय होतं?" मी सांगते, तमाशा लावला होता. आधी काय वाईट होतं? बाळंतिणीनं हाक मारली का मी जाओ, पाहो, काय पाह्यजे ते करो. बत्तीस वर्षं असंच चाललं. एकाही लेकराले बाहेर याले घंटी लागली नाई.

तुले ते पटलं नाई. तू डॉक्टरीणबाईसमोर उभा राहून मास्तरावानी सांगत होता, मले आठवते. "हाक मारनाऱ्या बाईले माहीतच नसाले पाह्यजे का ऐकते कोन. तिनं फक्त बटन दाबाचं. ज्या बाईले त्या खाटेचं ऐकाचं असन तिनं आपली खुंटी भिंतीवरच्या त्या खाटेच्या भोकात घालाची. बटन दाबलं का तिच्या खोलीतली त्या खाटेची घंटी वाजन. ती येईन, आपलं एकच काम करन अन् जाईन. कामाची पाळी संपली का खुंटी काढून घ्याची, दुसरी आली का तिनं आपली घालाची. एका खाटेले दोन जनी ऐकत असल्या तं दोघीयच्या खुंट्या घालाच्या. बाया बदलतीन, बटन तेच राहीन."

डॉक्टरीणबाई म्हने, "वा पुंजाराम." वा! तिचं काय जाते वा म्हनाले.

मंग एकेकीच्या घंटीवर पत्र्याची पट्टी ठोकली. तानुबाईले वाचता येत नाई म्हून तिच्या पट्टीवर तपेलं काढलं. घंटी वाजली का गरम पानी न्याचं. ललिता नर्सच्या पट्टीवर शिशी काढली. घंटी वाजली का नाडी पाहाची, अंगावरून रक्त जाते का पाहाचं, लागन तं डॉक्टरले बोलवाचं. मी म्हटलं, "अन् मायावर काय काढतं? चुलीतलं लाकूड?" तू हासला बी नाई. म्हने, "बाई, तू मोठी हाय. तुया घंटीले पट्टी नाई. तुले आठही खाटांच्या आठ खुंट्या देल्ल्या हायेत." कोठीत मायी एकच घंटी लावून देल्ली अन् आठ खुंट्या हातात. मान देल्ला मले.

आता कामाचं. हरिहर वकिलानं तुयावर अर्ज केला. त्याची सून कुंदा, पाच नंबरच्या खाटेवरची. अर्जात लिवलं का वायरमनच्या निष्काळजीपनानं घंटी वाजली नाई, सुनेचं रक्त गेलं, गर्भाची पिशवी काढून टाकली तवा जीव वाचला, आता तिले दुसरं लेकरू नाई. अमरावतीहून इलेक्ट्रिकचा इन्स्पेक्टर येनार हाय. तोवर तुयं लायसन अडकलं. त्याच्या मनात आलं तं जन्माचं जाईन. मंग जिनातल्या मोटारी बी तुले कोनी हाती लावू देनार नाई, कापसाचे बोजे उचलजो.

माया बी जबाब होनार हाय. घंटी वाजली नाई, हे मी डॉक्टरीणबाईले त्याच दिवशी सांगितलं. तेच इन्स्पेक्टरले सांगन. मी तुयासाठी वेगळं काही सांगीन असं मनात धरू नको.

पार्वता


अकोला
ता. २ फेब्रुवारी १९६३

पुंजाराम,

तुयं पत्र आलं. पत्र कायचं, हुकूमच. "बाई, जबाबात कमी बोलजो. वाजली नाई एवढंच सांगजो." काहून? मी काय चोर हाय का मले वकिलावानी शिकवून राहिला? अन् तुयं लायसन जाते त्याच बोलण्यानं, हे तुले समजत नाई? का अचलपूरच्या उन्हानं डोस्कं फिरलं? जानेवारीत ऊन बी नसते.

तुया त्या भिंतीचं कवतिक किती दिवस चाललं ते सांगू? तेरा दिवस. चौदाव्या दिवसापासून मी पाहून राहिली होती.

दोन नंबरच्या खाटेवर मूर्तिजापूरची माणिकबाई होती, तुले आठवत असन, आडत्याची बायको, जिले पाणी बी कोमट अन् उशी बी कोमट लागे. तिले खिडकी लावून पाह्यजे होती. दाबलं बटन. तानुबाई आली तपेलं घेऊन. ललिता आली नाडी धराले. माणिकबाई म्हने, "अवो खिडकी लावा, वारा येते." तानुबाई म्हने, "मायं काम पानी." ललिता म्हने, "माझं काम नाडी. नाडी बरी आहे." दोघी गेल्या. खिडकी उघडीच. माणिकबाईनं परत दाबलं. परत दोघी आल्या. तिकडे दूध उतू गेलं, तिकडे सहा नंबरचं लेकरू ओलं पडलं, अन् इकडे खिडकी!

तुले बोलावून दाखवलं तं तू म्हने, "बरोबर हाय बाई. खिडकीचं काम कोनाच्याच पट्टीवर नाई. एक बाई वाढवू नाईतं तानुबाईच्या पट्टीवर खिडकी काढू." खिडकीची वेगळी बाई! उद्या माशी हाकलाले वेगळी ठेवजो. अरे, कोनतरी एक डोकं पाह्यजे जे पाहीन काय झालं अन् ठरवन काय कराचं. हे तुया पत्र्याच्या पट्ट्यायले जमत नाई. मी डॉक्टरीणबाईले म्हटलं होतं, "तुमी नका डोकं लावू, मी हाय ना." बत्तीस वर्षं म्हनत आली, मी हाय ना. कोनाचं काही अडलं नाई.

कुंदाचं इचारलं तू. एका ओळीत तेवढंच बरं लिवलं. हिंडते घरात. पोरगी चांगली हाय तिची, गुटगुटीत. पन सासू दारोदार सांगून राहिली का सुनेनं बटन दाबलंच नाई. "आमची कुंदा झोपाळू. डोळा लागला असेल. आता सगळ्यांच्या डोक्यावर खापर." म्हणजे वकील म्हनते वायरमनचा दोष अन् त्याची बायको म्हनते सुनेचा. घरात दोन कोर्टं. आपल्याले काय कराचं त्यायचं.

कापसाच्या जिनात राहून खोकला लावून घेऊ नको. तोंडाले फडकं बांध. हे बी मीच सांगाचं.

पार्वता


अकोला
ता. २५ फेब्रुवारी १९६३

पुंजाराम,

बह्याड, बह्याड, बह्याड. तीनदा लिवलं. वाच तीनदा.

आज दुपारी तानुबाई मायासमोर बसून लंगोट्याच्या घड्या करून राहिली होती. बोलता बोलता म्हने, "बाई, तुमचा भाऊ लय मायाळू." मी म्हटलं, "काहून वो, तुले साडी घेऊन देल्ली का?" म्हने, "तसं नाई. कुंदाबाईचं झालं त्या दिवशी तो पाच वाजता आला. भिंतीवर साऱ्या तुमच्याच खुंट्या होत्या. त्यानं आठही काढल्या अन् आमच्या आमच्या पहिल्यासारख्या घातल्या. मले म्हने, तानुबाई, तुनं काही पाह्यलं नाई. मंग डॉक्टरीणबाईचे मालक आले तं घंट्या बरोबर वाजल्या. त्यायनं इचारलं, मंग दुपारी काहून नाई वाजल्या? तं तो म्हने, वायर ढिला असन, मायी चूक."

मी उठून कागद घेतला.

दोन महिने मी समजत होती का खुंट्या ललितानं परत घातल्या, तिच्या सवयीनं. अन् तू तिकडे बसून मले लिवतं, कमी बोलजो. तुले सारं माहीत होतं.

मंग आता मी लिवते. पोष्टमास्तरानं वाचलं तरी चालन.

त्या दिवशी सकाळी माणिकबाईनं नऊ वेळा बटन दाबलं. नववी वेळ गादीवर मुंगी होती म्हून. मायं डोकं फिरलं. मी भिंतीजवळ गेली, तानुबाईच्या खुंट्या काढल्या, ललिताच्या काढल्या, साऱ्या काढल्या, अन् माया आठही घालून देल्ल्या. दोघीयले म्हटलं, "बसा आता आपापल्या कामाले. कोनी धावाचं नाई. मी हाय ना."

दोन वाजता कोठीत घंटी वाजली. आता आठ खाटा अन् मायी घंटी एक. ती सांगते का कोन दाबलं? वाजते, एवढंच. तुया त्या मोठ्या डोक्यात हे काहून आलं नाई ते मले समजत नाई. मी समजली माणिकबाईच, दुसरं कोन. गेली तिच्यापाशी. म्हटलं, "आता काय, मुंगी का हत्ती?" तिनं म्हटलं, "मी नाही दाबलं." मी म्हटलं, "खोटं बोलू नको." तेवढ्यात परत वाजली. मी तिच्यासमोर उभी, अन् कोठीतून घंटी ऐकून राहिली. मी म्हटलं, "पाह्य, परत दाबलं!" ती म्हने, "अवो बाई, माझे हात पाहा."

पुंजाराम, तिचे दोन्ही हात पांघरुणावर होते. मले दिसत होते.

तरी मी तिले बोलत राहिली. मले आता सांगता येत नाई काहून. कोनी मले खोटं पाडत हाय असं झालं. तिसऱ्यांदा वाजली. मी म्हटलं, "तुया पायानं दाबतं का?" चौथ्यांदा वाजली अन् मंग वाजाची बंद झाली. बंद झाली तवा मले वाटलं, बरं झालं, जिरली माणिकबाईची. मंग तिची उशी सारखी केली, तिले आणखी दोन शब्द सुनावले, अन् सहज पुढं गेली, तीन नंबर, चार नंबर. पाच नंबरले पोचली तवा गादीतून खाली ठिबकत होतं.

ललिता भिंतीपल्याड बसली होती. तिची पाच नंबरची खुंटी जाग्यावर असती तं पहिल्या घंटीले आली असती. पट्टीवरची शिशी पाहून आली असती, कोनाले इचारलं नसतं, नाडी पाह्यली असती. डॉक्टरीणबाई मंग बोलली, पाव घंटा आधी समजलं असतं तं पिशवी राहिली असती. मी तिथंच उभी होती, हात लाल, अन् म्हटलं, "घंटी वाजलीच नाई."

हे झालं मायं. आता तुयं.

तुले कोनी सांगितलं होतं खुंट्या परत घालाले? मी पाया पडली होती का तुया? "मायी चूक" म्हनतं! तुया कामात एकच चूक होती, मले आठ खुंट्या देल्ल्या ती. बाकीच्या साऱ्यायले एक काम, एका खाटेले एक घंटी, अन् बहीण मोठी म्हून तिच्या एका घंटीले आठ खाटा. मान म्हून. आईच्या मागं मी तुले भाकर घातली, शाळेत घातलं, म्हून का तू असा उपकार फेडतं? दवाखान्याच्या भिंतीवर?

अन् आपन दोघं गप्प. तू अचलपुरात गप्प बसून देवमानूस झाला, मी इथं गप्प बसून शहाणी. अन् ती पोट्टी कुंदा सासूचं ऐकून राहिली का तिनं बटन दाबलंच नाई. तू तिचं इचारलं ना पत्रात? इचाराले लाज नाई वाटली?

पत्राचं उत्तर पाठवू नको. इन्स्पेक्टर दहा-पंधरा दिवसांत येते म्हनतात.

पार्वता


अकोला
ता. १९ मार्च १९६३

पुंजाराम,

इन्स्पेक्टर काल येऊन गेला. बारीक मानूस, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. तुयं भिंतीवरचं काम एक घंटा पाह्यलं. एकेक बटन दाबलं, एकेक खुंटी काढली अन् घातली. मंग खुर्चीवर बसून मले बोलावलं. डॉक्टरीणबाई अन् तिचा नवरा, दोघं बाजूले.

"घंटी वाजली होती का?"

"वाजली. चार वेळा."

डॉक्टरीणबाईच्या नवऱ्यानं मान वर केली. तो म्हने, "तुम्ही तर सांगितलं..."

मी म्हटलं, "सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. तुमी मधात बोलू नका, साहेबाले लिवू द्या."

"कोण ऐकत होतं?"

"मी."

"बाकी कोणी?"

"बाकीच्यायच्या खुंट्या मी सकाळीच काढल्या होत्या. आठही खाटा मायाच घंटीवर."

साहेबानं लिवलं. मंग म्हने, "वायरिंगमध्ये मला दोष दिसत नाही. पण एका घंटीला आठ खुंट्या दिल्याच कशाला? वाजल्यावर कोणती खाट ते कळणार कसं?"

"मान म्हून देल्ल्या साहेब. मी त्याची मोठी बहीण."

त्यानं टाक खाली ठेवला. "मान म्हणून," तो परत बोलला, अन् मायाकडे असं पाह्यलं का मले तिथंच भिंतीत जावंसं वाटलं. कागदावर काय लिवलं ते मी वाचून घेतलं, सही केली. तुयं लायसन सुटलं असं समज. आठ दिवसांत कागद येईन. मले उपकार मानून चिठ्ठी लिवू नको, फाडून टाकन.

साहेब गेल्यावर डॉक्टरीणबाई उठली. मंग स्वतः भिंतीजवळ गेली अन् मायी घंटी कोठीतून काढून टाकाले सांगितलं. म्हने, "पार्वताबाई, खरं तर तुम्हाला काढून टाकायला हवं. बत्तीस वर्षांपायी टाकत नाही. पण आजपासून तुम्ही बाळांना तेल-आंघोळ घालायची. दुसरं काही बघायचं नाही. दुसऱ्या खाटेवर कोणी मेलं तरी तुम्ही ललिताला हाक मारायची, स्वतः जायचं नाही." मी म्हटलं, "बरं." तिच्या हाताखाली इतकी वर्षं मी कधी बरं म्हटलं नव्हतं. तिनं मले पेन्शनीत काढलं असतं तं मी भांडली असती. हे खरं होतं म्हून भांडता आलं नाई.

आज सकाळी वकिलाच्या घरी गेली.

वकील कोर्टात गेला होता. सासू दारात उभी. "काय हो, आता काय राहिलं?" मी म्हटलं, "कुंदाबाईशी बोलाचं हाय." तिनं बसाले सांगितलं नाई. कुंदा आतून आली, पोरगी खांद्यावर. लय उतरली हाय. आधी गाल होते, आता हाडं.

मी उभ्यानंच सांगितलं. जसं तुले लिवलं तसंच, मुंगीपासून. माणिकबाईच्या हातांचं बी सांगितलं.

ती पोरीची पाठ थोपटत ऐकत होती. म्हने, "चारदा?"

"चारदा. मी मोजल्या."

"मला पहिल्यांदा चारच आठवायचं. मग सगळे म्हणायला लागले तेव्हा वाटलं, दोनदा दाबलं असेल. गेल्या महिन्यापासून वाटायला लागलं होतं की मी दाबलंच नाही. स्वप्नात दाबलं."

 

मंग तिनं आवाज चढवला. एवढीशी पोट्टी, पन आवाज चढवला. "सासूबाई, इकडे या." सासू दोन पावलंच दूर होती, सारं ऐकलंच होतं तिनं. तरी कुंदा मले म्हने, "आता यांच्यासमोर पुन्हा सांगा. सुरुवातीपासून."

सांगितलं. मुंगीपासून.

सासू खाली पाहत होती. मंग म्हने, "बरं बाई, झालं ते झालं. उन्हातून आल्या, चहा टाकते."

कुंदा म्हने, "त्यांना चहा नको द्यायला."

बरोबर केलं तिनं. मी जायले वळली तं मागून म्हने, "तुमच्या भावाला ठाऊक होतं हे?"

म्हटलं, "होतं. त्याच दिवशी संध्याकाळी."

"मग ते माझ्याशी का नाही बोलले? मी तर त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. अर्ज मामंजींनी केला."

 याचं उत्तर तुयापाशी हाय. मी म्हटलं, "तो येऊन सांगन." इचारल्याबिगर तुया वतीनं बोलली, रागव नाईतं नको रागवू.

लायसनचा कागद हाती पडला का दुसऱ्या दिवशी सकाळच्या येष्टीत बस. मायाकडे येऊ नको, मी घरी नसन, लेकरायच्या आंघोळी असतात. दवाखान्यात बी येऊ नको. स्टँडवरून सरळ वकिलाच्या दारात जाय. सासू बसा म्हननार नाई, अन् म्हटलं तरी बसू नको. मायाबद्दल एक शब्द बोलू नको, बाई मोठी हाय अन् तिनं मले लहानाचं मोठं केलं अन् हे अन् ते. तिनं इचारलं त्याचंच उत्तर दे. काहून तुले बहिणीचं नाव एका पोट्टीच्या जन्मापेक्षा मोठं वाटलं. जसं होतं तसं सांग अन् ती काय म्हनते ते पूर्ण ऐकून मंगच दारातून हाल.

पार्वता